केदारखेड्याची हिरवी पाहुणी

आत्याने केदारखेड्याहून फोटो पाठवला: शेवग्याच्या खोडावर फिकट पोपटी पतंग, तळहाताहून मोठा, पंख अजून ओले. चंद्रपतंग! जालन्यात ऑफिसात बसल्या जागी मी नाचायचीच बाकी राहिले. सुट्टी रविवारी, म्हणून फोनवर सांगून टाकलं, तोवर झाकून ठेव. ते वाक्य परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

कुणाला जायचं असेल तर जालन्याहून भोकरदनची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. खिडकीची काच बंद होतेय का ते आधी बघा. माझी होत नव्हती, भिजतच उतरले.

आत्याने आधी येसराची आमटी-भाकरी खाऊ घातली, मग आतल्या खोलीत नेलं. दुधावर झाकायच्या जाळीखाली ती बसली होती. ओळखायला सोपी: अंग पांढरं, लोकरीसारखं, प्रत्येक पंखावर एक डोळा, वरच्या कडेला जांभळट पट्टी, मागे दोन लांब शेपट्या. नराच्या मिशा पिसासारख्या रुंद असतात. हिच्या बारीक, पोट जाड, म्हणजे मादी. पण धडपडून पंखांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि एक शेपटी तुटलेली.

शेजारी साखरपाण्याची वाटी, केळ्याचे काप. मी सांगितलं की हिला खायला तोंडच नसतं, जे खायचं ते अळी असतानाच खाऊन होतं.

आत्या ओशाळली. “मंग इतके दिवस उपाशीच राह्यली का गं ही?”

मग तिने कौतुकाने जाळीला चिकटलेली अंडी दाखवली. पिल्लं निघाली की परत यायचं, असं बजावलंही. दुसरं पाखरू हिच्याजवळ आलं होतं का, मी विचारलं.

“आल्ते की दोन, रातच्याला. खिडकीला धडकून राह्यले होते. हिला तरास नको म्हणून झाडूनं हाकलले.”

ते नर होते. मादीच्या वासावर लांबून येतात. त्यांच्याशिवाय घातलेली अंडी पोकळच. आत्याचा चेहरा बघून मला हे बोलवेना. मादीला आम्ही शेवग्यावर नेऊन ठेवलं, तर ती खाली गवतात पडली आणि तिथेच राहिली.

जालन्याला परतले. चंद्रपतंग पाहिला याचा आनंद काही केल्या होत नाही. तो पाहायच्या हट्टापायी मीच त्याचा वंश बुडवला. परवा आत्याचा फोन आला.

“अजून निघाले न्हाईत गं. पण निघाल्या निघाल्या खायला पाहिजे ना, म्हणून शेवग्याचा पाला ठिवलाय. रोज ताजा बदलून राह्यले.”

बरं केलंस, एवढंच मला म्हणता आलं.