वैनींची जास्वंद

शेजारच्या वैनी मुलाकडे हैदराबादला राहायला गेल्या, तेव्हा जाताना त्यांनी आपली जास्वंदीची कुंडी माझ्या दारात आणून ठेवली. "दिवाळीला येते बाई, तवा घेऊन जाते," म्हणाल्या. बावीस वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी शाळेत शिकवायचे, म्हणून बाई.

एक कुंडी सांभाळायची त्यात काय मोठंसं, असं मला वाटलं. दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग हळदीसारखा, कडा करपलेल्या. मी पाणी वाढवलं. शेणखत घातलं, चहाचा चोथा घातला, येईल त्याचा सल्ला ऐकला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं काढल्या, आणि इथं मलाच काही सुधरेना. दर रविवारी वैनींचा फोन यायचा. "जास्वंद कशी हाय?"

"छान आहे," मी खुशाल खोटं बोलायचे. मला भीती वाटत होती. झाड गेलं तर त्यांना इकडं यायला कारण तरी काय उरणार होतं?

शेवटी दोन पानं वहीत घालून नर्सरीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं ती उलटसुलट करून पाहिली. "पानी कोन्तं घालायलात?"

"फिल्टरचं. बाजूच्या नळीतून वाया जातं ते."

"मंग? बोरचा सगळा खार त्याच पान्यात उतरतो. झाडाला मीठ चारायलात की तुमी!"

आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यापासून मी ते पाणी बादलीत धरते. ओतून द्यायला जीव होत नाही. या काटकसरीचा मला केवढा अभिमान! घरी येऊन पाहिलं, तर मातीवर पांढरा थर धरलेला. रोज दिसत होता, पण मी त्याला खतच समजत होते.

वरची माती काढून नवी भरली. मग माझ्या पिण्याच्या हंड्यातलं पाणी, खालून निथळेपर्यंत ओतलं. माळ्यानं दिलेलं लोहाचं औषध दर आठवड्याला पानांवर फवारलं. जुनी पानं गळाली. नवरात्रात शेंड्याला नवी फुटली, हिरवीगार. ते सांगायला घरात कुणी नव्हतं, म्हणून मी झाडालाच शाबासकी दिली आणि वैनींना फोटो पाठवला.

रविवार नसूनही लगेच फोन आला. "लई छान दिसायली. पन बाई, आता ती तुमीच ठेवा. इथं आमच्या घरात ऊन येत न्हाई. तिकडचं घर बी इकायचं ठरलंय. दिवाळीला काय येनं होत न्हाई."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला जाऊ नये म्हणून मी त्यांनाच विचारलं, जास्वंदीला पाणी किती घालायचं असतं.