सुटलेल्या दोन ओळी

"सही होईल साहेब. पहिले वाचून दाखवा," असं म्हणून ते चष्मा काढत आणि शर्टाच्या टोकानं सावकाश पुसत बसत. चौकशी अधिकारी घड्याळाकडे बघत. चष्मा डोळ्यांवर चढेपर्यंत काम पुढे सरकत नसे.

ऐंशीच्या दशकात वडशाजवळच्या एका प्लायवूड कारखान्यात मी कारकून होतो. कामगाराला आरोपपत्र मिळालं की चौकशी बसे आणि तिथलं बोलणं मी लिहून घेई. आरोप असलेल्याला सोबत एक सहकारी आणता येतो, हा नियम बहुतेकांना कळला तो या चष्मा पुसणाऱ्या माणसामुळे. ते बॉयलरवर होते. कोणी सोबतीला बोलावलं की पाळी संपवून, हातपाय धुऊन येत.

एकदा कुरखेड्याकडच्या एका गोंड बाईवर कामावर झोपल्याचा आरोप होता. अधिकारी हिंदीत विचारत होते आणि ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती.

"कबूल आहे, असं लिहा," अधिकारी मला म्हणाले.

"थांबा साहेब. तिले समजलंच नाई. तिले गोंडीत विचारा."

"इथे गोंडी कोणाला येते?"

"कॅन्टीनातल्या बाईले येते. बोलवा तिले."

बोलवावं लागलं. मग कळलं, बाईला ताप होता आणि मुकादमानंच तिला पोत्यांवर पडायला सांगितलं होतं. मुकादमाला विचारलं तर तो खाली बघत हो म्हणाला. बाई दुसऱ्या दिवशी कामावर आली.

अशा माणसाभोवती गर्दी असेल, असं तुम्हाला वाटेल. मी पाहिलं ते वेगळं. ज्यांच्या नोकऱ्या त्यांनी वाचवल्या, तेही गेटवर त्यांच्याजवळ थांबत नसत. साहेबानं पाहिलं तर? सुट्टीत ते बॉयलरमागे एकटेच डबा खात. बायको वारली होती, मुलगी सासरी होती. स्टेशनामागच्या एका खोलीत राहत.

मग त्यांनाच आरोपपत्र मिळालं. बॉयलरमधून वाफ गळत होती म्हणून त्यांनी तो पेटवायला नकार दिला होता. कागदावर मात्र आलं, 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन.'

चौकशीला ते एकटे आले.

"तुमचा सहकारी कुठे आहे?"

"कोणी नाई."

"कोणाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं. नावं लिहू नका, साहेब. त्यायचे लेकरं हायेत."

बॉयलर पेटवायला सांगणाऱ्या इंजिनियरची उलटतपासणी त्यांनी स्वतःच घेतली. "वाफ गळून राह्यली होती का नाई, तेवढं सांगा."

"गळत होती," इंजिनियर चिडून म्हणाला. "पण ते ठरवणारा तू कोण?"

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघून बोट हलवलं. मी वाफेचा तो प्रश्न लिहिला नाही, 'गळत होती' हे उत्तरही लिहिलं नाही.

शेवटी मी नोंद वाचून दाखवली. ते ऐकत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बाबू, दोन ओळी सुटल्या तुमच्या."

मी कागद सारखे करत राहिलो. त्यांनी माझ्याच हातातून पेन घेतलं, समासात त्या दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली.

त्यांना कामावरून काढलं. कामगार न्यायालयात तीन वर्षं गेली. तिथे समासातल्या ओळी निघाल्या आणि शपथेवर इंजिनियरला नाही म्हणता आलं नाही. ते परत कामावर आले तेव्हा निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्या अकरा महिन्यांत आम्ही रोज समोरासमोर आलो. "बरं हाय ना, बाबू?" एवढंच ते विचारत. त्या दिवसाबद्दल मला बोलायचं होतं. उद्या बोलू, असं रोज म्हणत राहिलो.

ते निवृत्त झाल्यावर महिन्याभरानं मी स्टेशनामागे गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारची बाई अंगणात धान वाळवत होती.

"ते त गेले पोरीकडं. गाव काई सांगितलं नाई बा," ती म्हणाली. "काई काम होतं का तुमचं?"

"नाही," मी म्हणालो. "असाच आलो होतो."