एकसारख्या घरांची कादंबरी

मी एकदा भरदुपारी परक्या घरात शिरले, त्यांच्या माठातलं पाणी प्यायले आणि वर लोणच्याची बरणी जागेवरून हलवली म्हणून त्यांनाच झापलं. तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे पोरगीच. शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली होती आणि आपल्याला सगळं कळतं, हा समज अजून सुटलेला नव्हता.

तो वाढवायला आमच्या कारखान्याच्या कॉलनीतलं मराठी मंडळही कारणीभूत होतं. मंडळाचं छोटं ग्रंथालय आहे. त्या वर्षी ठरलं की नव्या विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्यांतून एक निवडायची आणि तिच्यावर महिनाभर चर्चा ठेवायची. पोरं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदीत शिरतात. निदान यानात बसवून तरी त्यांना मराठीत आणू, असा विचार. मत द्यायला तिघं नेमली, त्यात मी. का, तर जन्मभर मराठीचे पेपर तपासले होते.

मग मी कादंबऱ्याही तशाच तपासल्या. लाल पेन घेतलं. भाषेला दोन, कल्पनेला दोन, पात्रांना दोन, शेवटाला दोन आणि ‘पटतं का’ याला दोन. एकीत मंगळावर वस्ती होती आणि तिथले सगळे पुण्याच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे बोलत होते. ऑक्सिजन संपत आला तरी कोणाचं वाक्य अर्धवट सुटत नव्हतं. दुसरीत सात राज्यं, तीन वंश आणि सुरुवातीला नकाशा. नकाशा फार सुरेख. गोष्ट त्यातच कुठेतरी वाट चुकली होती. तिसरीत काळयंत्र होतं, ते नायकानं कॉलेजातल्या मुलीला पुन्हा एकदा भेटायला वापरलं. ‘एवढं मोठं यंत्र आणि एवढासा उपयोग’ असा शेरा मारला आणि दिवसभर स्वतःवर खूश राहिले.

चौथी बारीकशी होती. कुठल्याशा दूरच्या ग्रहावर कंपनीनं हजार घरं बांधलेली, सगळी एका साच्यातली. एक बाई ड्यूटीवरून येते, दार लोटते. आतली माणसं तिला वेगळ्याच नावानं हाक मारतात. मी ती नव्हे, असं सांगायला ती तोंड उघडते आणि तेवढ्यात तिला ते नाव आठवतं. राक्षस नाही, युद्ध नाही. एका बैठकीत वाचून संपवली आणि उठून घराची सगळी दारं बघून आले. मग लाल पेनानं लिहिलं: ‘मूळ कल्पनाच अशक्य. माणूस आपलं घर विसरत नाही. दहापैकी दोन.’

हे खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. माझी आई शेवटची वर्षं आमगावला स्वतःच्याच स्वयंपाकघरात बसून मला विचारायची, “हे कोनाचं घर होय, बाई? मले घरी नेऊन दे.” मी तिचा हात धरून अंगणात एक चक्कर मारायचे, परत आत आणायचे आणि म्हणायचे, आलं घर. ती ओटा चाचपून बघायची, फळीवरचे डबे बघायची आणि हळूच म्हणायची, “हुबेहूब केलं त्यायनं.”

हे सुरू झालं तेव्हा आई पासष्टची होती. आणि ही कादंबरी वाचताना मी बासष्टची. म्हणून दहापैकी दोन.

त्या मंगळवारी मी शेरा द्यायला ग्रंथालयात गेले तर दाराला कुलूप. येताना पावर हाउसच्या बाजारात उतरून कैऱ्या बघितल्या, मनास आल्या नाहीत, परत ऑटोत बसले. मे महिना, लू सुटलेली, तोंडाभोवती पदर घट्ट. आमच्या गल्लीच्या, म्हणजे स्ट्रीटच्या, तोंडाशी पाइपसाठी खणून ठेवलं होतं, तर ऑटोवाल्यानं थोडं पुढे सोडलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कूलर तेवढे घरघरत होते, एका साच्यातल्या एकेका क्वार्टरच्या मागून, सगळे एकाच सुरात. डावीकडून चौथं फाटक, कण्हेर, दोन पायऱ्या. दार नुसतं लोटलेलं. चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर टाकली. माठ खिडकीखाली, पाण्याचा डाव भिंतीवरच्या खिळ्याला. पाणी प्यायले. तिपाईवर दोन कप धुऊन उपडे घातलेले दिसले. कोण येऊन गेलं, असं मनात आलं. तेवढ्यात बरणी दिसली. माझी बरणी फळीच्या डाव्या कोपऱ्यात असते. ही उजव्या कोपऱ्यात होती.

“बरणी कोणी हलवली?” मी आमच्या ह्यांच्यावर आवाज चढवला.

आतल्या खोलीतून उत्तर आलं. बाईचा आवाज, अगदी शांत. “तूच तं हलवली.”

आमच्या घरात माझ्याशिवाय बाई नाही. पण खरं सांगते, मी दचकले नाही. मला ते पटलं. असेल, म्हटलं, आपणच हलवली असेल. बरणी उजव्या कोपऱ्यात सरकवणारा माझा हात मला दिसलासुद्धा, बांगड्यांसकट. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं. हार घातलेला म्हातारा, आयुष्यात कधी न पाहिलेला. चपला हातात घेऊन पळाले. तोंडाला पदर, हातात चपला. कोणी पाहिलं असतं तर माझा एखादा जुना विद्यार्थीच मला चोर म्हणून धरून घेऊन गेला असता. माझं घर एक स्ट्रीट अलीकडे होतं. फाटक, कण्हेर, दोन पायऱ्या. हे पेपर वाचत बसलेले. बरणी डाव्या कोपऱ्यात. मी आधी ओटा चाचपून बघितला.

पिशवी तिथेच राहिली होती, हे त्यानंतर लक्षात आलं. तिच्यात कादंबरी, आणि कादंबरीत माझा लाल शेरा.

ह्यांना काही सांगितलं नाही. बुधवारी सकाळी उठल्या उठल्या मी माझी परीक्षा घेतली. वडील रेल्वेत होते, त्यामुळे दुर्ग ते गोंदिया सगळी स्टेशनं लहानपणापासून तोंडपाठ. डोंगरगढ झालं, बोरतलाव झालं, दरेकसा झालं आणि दरेकसानंतर गाडी सरळ आमगावला लागली. सालेकसा गेलंच मधून. ते आठवेपर्यंत चहा आटून गेला. महिन्याभरापूर्वी माझा चष्म्याचा डबा हरवला होता, त्यावरून मी ह्यांना दोन दिवस धारेवर धरलं होतं. आता तोही मी माझ्याच नावावर टाकला. आईचं असंच सुरू झालं होतं, एक एक वस्तू करून.

दुपारी पिशवी आणायला गेले. यावेळी दारावरचा नंबर तीनदा वाचला. आत खाटेवर ऐंशीच्या घरातली बाई, डोळ्यांवर काळा चष्मा. पिशवी खुर्चीवरच होती. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि बसायला सांगितलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं महिन्याच्या अंतरानं झाली होती. माणूस समोर आलं तर नुसता आकार दिसायचा. सून दवाखान्यात ड्यूटीला, पाचला यायची. काकूंनी (मी त्यांना लगेच काकूच म्हणू लागले) तिला पिशवीतली कादंबरी वाचायला सांगितली होती, पण तिनं आधी माझाच कागद वाचून दाखवला.

“दोनच मार्क कावून देल्ले व?” काकूंनी विचारलं.

मी कल्पना, पटणं वगैरे सांगायला लागले. त्या म्हणाल्या, ते राहू दे, वाच. मोठ्या परीक्षक बाई मुकाट्यानं खाली बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचू लागल्या.

तीन दुपारी वाचलं. मोठ्यानं वाचताना मी पान उलटून पळू शकत नव्हते, आणि ती कादंबरी मला आधी दिसली त्याहून कितीतरी थंड निघाली. तिच्यात कोणी घाबरवत नाही, हीच तिची भीती. बाई परक्या घरात जेवते, झोपते, मुलांची वेणीफणी करते, आणि दर काही पानांनी तिला आपल्या पहिल्या घराचं थोडं कमी आठवतं. लेखक कुठेही हाय हाय करत नाही. आधी भिंतीचा रंग जातो, मग नवऱ्याचा आवाज, मग आपण चपला कुठे काढायचो ते. काकू नुसत्या ऐकत होत्या, मधूनच हुंकार देत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला थांबवलं. “ते घरातले लोक कावून नाही भेत तिले? पाहाय, त्यायचंबी कोनी गेलं असंल.”

मी मागची पानं उलटली. होतं. बाई पहिल्यांदा दार लोटते, त्याच पानावर होतं. तिला हाक मारण्याआधीच आत एक ताट जास्त मांडलेलं होतं. पुढे ती ज्या ज्या घरात शिरते, तिथेही तेच. इतकी वर्षं पेपर तपासून मला ते दिसलं नव्हतं. काळा चष्मा लावून निजलेल्या बाईला ऐकून कळलं. कादंबरी हरवलेल्या बाईची नव्हती, वाट बघणाऱ्यांची होती. कोणीही येवो, त्यांना ती जागा भरायची होती. मान वर केली तर तिपाईवर दोन कप उपडे होते. मी ते सुनेचे असतील असं ठरवलं.

रविवारच्या बैठकीत मी लाल शेऱ्याचा कागद फाडला आणि त्या बारीक कादंबरीला पहिली म्हटलं. बाकी दोघांना मंगळवाली हवी होती. एक तास भांडले. कादंबरी निवडली गेली.

सोमवारी काकूंना सांगायला गेले. त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, आपणच पास झालो असं वाटून राहिलं. मग मला काय झालं कोण जाणे, मी त्यांना आईचं सगळं सांगितलं. अंगणातली चक्कर, ओटा, ‘हुबेहूब केलं त्यायनं’. म्हटलं, त्या मंगळवारी ऑटोवाल्यानं पुढे सोडलं म्हणून चुकले. एकदाच चुकले. उन्हात कोणाचंही असं होतं. पण तुम्ही ‘तूच तं हलवली’ म्हणालात आणि ते मला पटलं, त्याचं भेव वाटून राहिलं. तुम्ही मला सूनच समजलात ना? डोळ्यांमुळे?

उशीखाली हात घालून काकूंनी काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवून वरून माझी बोटं मिटवली. न बघताच मला कळलं. माझा चष्म्याचा डबा होता.

सालेकसा मी त्यानंतर कधी विसरले नाही. आता चौऱ्याहत्तर झाली, अजून रोज सकाळी गाडी गोंदियाला पोहोचवते, निदान पोहोचवते असं मला वाटतं. आणि रोज, गाडी पोहोचली की, काकू तेव्हा जे बोलल्या ते जसंच्या तसं आठवतं:

“पहिलेच सांगतलं असतं तं तू भेवानं आली नसती, अन् माहं पुस्तक अधुरं राहिलं असतं. त्या मंगळवारी आली ते महिन्याभरातली तुही तिसरी खेप होती, बाई. पहिल्या दोन्ही खेपेस बसली, चाय पेली, बरणी सरकवली, अन् कप धुऊन उपडे घालून गेली.”