भाचीच्या गणितातली खोटी वेळ

हे कुणी वाचलंच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि माझं वेडंवाकडं अक्षर पोटात घालावं. चौथीनंतर मी किराणा सामानाच्या यादीपलीकडं काही लिहिलं नाही.

सासूबाईंना काचबिंदू होता. माझ्या बहिणीची मुलगी दौंडहून रोज पुण्याला जाऊन-येऊन गणितात एम.एस्सी. करत होती. डोळ्यात रक्त कसं फिरतं, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडायची. "रक्त आत ढकलणारा जोर एकीकडं आणि डोळ्यातला दाब दुसरीकडं. जोर कमी पडला की आतली नस उपाशी राहते, खाला," असं तिनं मला, तिच्या मावशीला, समजावलं. शिरूरला आमच्या घरी येऊन तिनं सासूबाईंच्या तपासणीचे आकडे उतरवून घेतले. सासूबाई हसून म्हणाल्या, "म्हंजी हिच्या गणितात मी पाण्याचा पाइपच की!"

औषधं कोणत्या वेळी देता, हेही तिनं विचारलं. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितल्या वेळी."

ते खोटं होतं. रमजान नुकताच संपला होता. आजाऱ्याला रोज्याची सूट असते हे ठाऊक असूनही सासूबाईंनी ऐकलं नव्हतं. डोळ्यातले थेंब घशात उतरून रोजा मोडतो म्हणून दिवसा त्यांनी ते घालू दिले नाहीत. बीपीच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या मी झोपताना एकदम देत होते. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली.

भाचीच्या गणिताप्रमाणं नजर टिकायला हवी होती. पुढच्या तपासणीत डाव्या डोळ्याची कडेची नजर गेलेली निघाली. तिला वाटलं, आपलंच चुकलं. कॉम्प्युटर क्लासला तासाचे पैसे भरून ती तेच गणित पुन्हा पुन्हा करत बसली. मी दौंडला गेले तेव्हा म्हणाली, "मला काही जमत नाही, खाला. सोडून देते हे."

मग मी सगळं सांगून टाकलं.

"आधी का नाही बोललात?"

"तू रागावशील म्हणून."

"आता नाही का रागावले!"

रात्री एकदम दिलेल्या गोळ्यांनी बीपी उतरून रक्ताचा जोर कमी पडला आणि थेंब चुकून डोळ्यातला दाब वाढला, असं धरल्यावर तिचं उत्तर जुळत आलं. "पण तेवढ्यानंच नजर गेली, असं म्हणता येत नाही," ती म्हणाली. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "हट्ट माझा व्हता, पोरी." तरी ताटात डाव्या बाजूची भाजी त्या चाचपडायला लागल्या की मी माझा घास ठेवून ती उजवीकडं सरकवायचे.

क्लासचे वाया गेलेले पैसे मी साड्यांना फॉल लावून फेडत गेले. भाची घेईना, म्हणून बहिणीच्या हातात ठेवायचे. बकरी ईदच्या आधी शेवटचे दिले. क्लासचं तेवढं सगळं फिटलं.