शिंगवाल्या पलटणीचा रंग

ऑइलपेंटच्या लहानशा डबीचं झाकण खिळ्याने उचकटलं की आधी वास येतो, रंग मागाहून दिसतो. वर साय धरलेली असते, जाड, सुरकुतलेली. तिच्यात काडी खुपसली की खालचा ओला, चकाकता रंग हळूहळू वर येतो... पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या अशा चार डब्या आमच्या गोठ्याच्या खिडकीत वर्षभर पडून असत — एक विटकरी लाल, एक मेंदीच्या पाल्यासारखी हिरवी, एक निळी आणि एक सोनेरी, जिच्यातलं सोनं तळाशी बसून वर नुसतं तेल तरंगायचं. डब्यांवरचे कागद ओघळांखाली केव्हाच झाकून गेले होते. त्या खिडकीपाशी शेणाचा, पेंडीचा, टर्पेंटाइनचा आणि बाहेर पाट्यांत भरून ठेवलेल्या झेंडूचा एक मिश्र गंध दाटलेला असे. आज मी नाशकात रंगांच्या दुकानात काम करते; गिऱ्हाइकापुढे शेडकार्ड उघडून बैठकीच्या खोलीला कोणता रंग शोभेल ते सांगत असताना मधूनच तो गंध कुठूनसा येतो, आणि समोरचं माणूस काय म्हणालं ते मला पुन्हा विचारावं लागतं.

आमचं गाव देवळाली कॅम्पाच्या पलीकडे, दारणेच्या काठी. अण्णा, म्हणजे माझे वडील, फुलं आणि टोमॅटो करायचे. कॅम्पातल्या तोफखान्याचा सराव सुरू झाला की आमच्या मांडणीतली स्टीलची फुलपात्रं एकमेकांवर किणकिणायची आणि आई पोळी लाटता लाटता डाव्या हाताने ती निमूट बाजूला सरकवायची. माझा भाऊ योगेशदादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. धमाका झाला की तो हातातलं काम टाकून कान टवकारायचा, आणि ही कोणती तोफ, ती किती लांबून उडाली, हे आम्हाला ऐकवायचा. त्यातलं त्याला काडीचंही कळत नव्हतं, पण मी सगळं खरं मानत असे. मोठेपणी फौजेत जायचं हे त्याने कधी ठरवलं ते मला आठवत नाही. ठरलं नव्हतं असा काळच मला आठवत नाही.

कॅम्पातल्या एका बंगल्यावर अण्णा रोज सकाळी फुलं आणि भाजी पोचवत. तिथल्या साहेबांची बदली झाली, सामान ट्रकात चढलं, आणि मॅडमनी उरल्यासुरल्या वस्तूंबरोबर एक खोका अण्णांच्या सायकलला बांधून दिला. खोक्यात बोटाएवढी राखाडी प्लॅस्टिकची माणसं होती... माणसं तरी कशी म्हणावीत! कुणाच्या डोक्यावर शिंगं, कुणी पंखवाल्या सरड्यावर स्वार, कुणाची दाढी गुडघ्यापर्यंत आणि हातात स्वतःपेक्षा मोठी कुऱ्हाड. चोवीस शिपाई आणि पंचविसावा एक झेंडेवाला. सोबत इंग्रजीतलं पुस्तक. त्यातल्या चित्रांवरून एवढंच कळलं की या फौजा आधी आपण रंगवायच्या आणि मग फासे टाकून लढवायच्या. दादाने त्यांचं बारसं तिथल्या तिथे उरकलं — शिंगवाली पलटण. फासे आम्ही लुडोचे घेतले, आणि शत्रू म्हणून सोड्याच्या बाटल्यांची बुचं. बिचारी बुचं एकही लढाई जिंकली नाहीत.

पण रंग कोणता? त्यावर आमचं आठ दिवस जुंपलं होतं. मी फुलांच्या घरातली; मला झेंडूचा पिवळा अंगरखा, त्यावर शेवंतीच्या पांढऱ्या कडा, सरड्यांच्या पंखांना गुलबक्षीचा रंग असं काहीबाही दिसत होतं, आणि प्रत्येक शिपाई वेगळा हवा होता. दादाने माझी सगळी फुलं एका वाक्यात उडवून लावली. "मने, ही फौज हे, हळदीकुंकू नाय. फौज एका रंगाची पायजे." आणि तो रंग हिरवा, कारण कॅम्पातल्या जवानांचा हिरवा. शिंगं आणि कुऱ्हाडी सोनेरी, सरडे निळे. झेंड्याचा रंग मात्र त्याला सुचेना. झेंडा म्हणजे पलटणीची इभ्रत, तो घाईने ठरवायचा नाही, असं म्हणून त्याने झेंडेवाला राखाडीच ठेवला.

टोमॅटोच्या तोडणीविषयी इथेच सांगायला हवं. लांबच्या बाजाराला जाणारा टोमॅटो जेमतेम रंगावर आलेला लागतो. पूर्ण हिरवा चालत नाही आणि लालभडकही चालत नाही. दादाच्या क्रेटमध्ये नेमके कच्चे हिरवेगार निघत. वर त्याला प्रत्येक फळ तोडण्याआधी अंगठ्याने दाबून बघायची खोड होती. त्याचे डाग उठत आणि अण्णांचा पारा चढे. डोळे घरी ठेवून आलास का, असं ते सगळ्या मजूर बायांसमोर विचारत, आणि बाया पदराआड हसत. दादा खाली मान घालून पुन्हा अंगठाच वापरायचा. सगळे त्याला वेंधळा समजत होते. मीसुद्धा, त्या दुपारपर्यंत.

शाळेला सुट्टी होती. तोडणीनंतर रिकाम्या क्रेटवर बसून, झाडूच्या काडीला दोऱ्याने बांधलेल्या केसांच्या कुंचल्याने दादाने अकरा शिपाई रंगवले. हिरव्याची डबी तळाला गेली, तेव्हा त्याने खिडकीतली दुसरी उचकटली आणि जीभ दातांत धरून उरलेले तेरा रंगवले. मग माझी फुलं उडवली म्हणून रुसून पाठ फिरवून बसलेल्या मला हाक मारली. उन्हात फळीवर पलटण उभी होती. अकरा हिरवे आणि तेरा विटकरी लाल... आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की मी त्याला तसा आनंदी पुन्हा कधीच पाहिला नाही. "बघ," तो म्हणाला, "आता कुणी म्हणेल का ही एकाच आईची लेकरं नाहीत?" मी हसायला तोंड उघडलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, आणि मला एकदम टोमॅटो आठवले, अंगठा आठवला, पदराआडचं हसू आठवलं. लय भारी झालीत, असं मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो अण्णांबरोबर माल घेऊन नाशिकच्या मार्केटला गेला, तेव्हा मी शेजारच्या काकांच्या गोठ्यातून हिरवा रंग मागून आणला आणि ते तेरा शिपाई पुन्हा रंगवले. लाल पुरता झाकायला रंग जाड द्यावा लागला. संध्याकाळी परतल्यावर त्याने एकाला हात लावला, बोटाला रंग लागला, आणि हे अजून वाळले कसे नाहीत म्हणून तो बुचकळ्यात पडला. हवा दमट आहे, असं मी ठोकून दिलं. मग सगळ्या डब्यांच्या झाकणांवर मी खिळ्याने खुणा केल्या: हिरव्याला एक रेघ, लालला दोन. ही पलटणीची गुप्त खूण आहे असं सांगितलं, आणि गुप्त म्हटल्यावर त्याला ती भलतीच आवडली.

मी हे कुणालाही का सांगितलं नाही? त्याला कुणी हसू नये म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले, आणि ते खोटंही नाही. पण त्याच्या जोडीला आणखी काही होतं, आणि ते सांगताना आजही लाज वाटते. मला आवडलं होतं ते. त्यानंतर तोडणीला मी मुद्दाम त्याच्याच ओळीत पुढे चालायचे, हा घे, तो राहू दे, असं हळूच सांगायचे. त्याचे क्रेट निर्मळ निघू लागले, अण्णा त्याला शहाणा म्हणू लागले, आणि एवढा मोठा, तोफा ओळखणारा माझा भाऊ माझ्यावाचून अडतो या गोष्टीने मी मनातल्या मनात फुलून जायचे. दादाने कधी विचारलं नाही, आणि मी कधी सांगितलं नाही. सगळ्यांनाच थोडंफार असं होत असावं, असं तो समजत असणार.

बारावीनंतर तो पळायला लागला. भल्या सकाळी पाटाच्या कडेने, बूट नसताना अनवाणी, मग बूट आल्यावर बुटांनी... दोन वर्षं. आई त्याच्यासाठी रोज मूठभर हरभरे भिजवायची. भिजल्या हरभऱ्यांचा तो कच्चा, हिरवट वास आणि दाराशी वाफाळणारी त्याची पाठ — त्या दोन वर्षांचं माझ्याजवळ एवढंच आहे. तो पळत होता आणि मी बघत होते. शिपायाला रंग ओळखावे लागतात हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय आहे. पण ते विचारावं असं मला वाटलं होतं, एकदा नव्हे, बऱ्याचदा. आणि प्रत्येक वेळी मी ते उद्यावर टाकलं, कारण आई हरभरे भिजवत होती.

भरतीत तो पळण्यात पास झाला, छातीत, उंचीत, लेखी परीक्षेत पास झाला. मग वैद्यकीय तपासणीत त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं गेलं आणि त्यातला आकडा वाचायला सांगितला. त्याला ठिपकेच दिसले. पुन्हा तपासणी झाली, तेव्हाही ठिपकेच. घरी आला तो ओट्यावर बसला, बूट न काढता. डोळ्यांत दोष निघाला, एवढंच त्याने सांगितलं. अण्णा त्याच्याजवळ आले, आणि ज्या आवाजात ते टोमॅटोवरून ओरडायचे त्यापेक्षा फारच हलक्या आवाजात म्हणाले, चष्मा लावून घेऊ आपण, त्यात काय. हे चष्म्याने जात नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही.

बऱ्याच वेळाने दादा गोठ्याकडे आला. मी शेणाची पाटी भरत होते.

"मने, तुला माहीत होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि तो गेला. मला वाटलं, सुटले.

पुढे काहीच झालं नाही. काही होणं हेच त्याने सोडून दिलं. आज तो टोमॅटोच करतो, तोडणीला स्वतः उतरत नाही, बांधावर उभा राहतो. सराव अजून होतो, वहिनी फुलपात्रं बाजूला सरकवते. दादा मान वर करत नाही. मी माहेरी जाते तेव्हा तो माझ्याशी छान बोलतो, माझ्या पिशवीत वांगी, फुलं कोंबतो. पण मला काही विचारत नाही. साधी एखादी साडी कशी दिसते असंसुद्धा नाही.

मागच्या महिन्यात गोठा पाडायचा म्हणून आम्ही माळ्यावरचं सामान खाली काढत होतो, तर तो खोका सापडला. रंग वाळून तडकले होते. कित्येकांच्या खांद्यावरचा, गुडघ्यावरचा हिरवा टवका उडून खालचा विटकरी उघडा पडला होता. मी पटकन झाकण लावायला गेले आणि मग लक्षात आलं, की त्याला तर ते दिसणारच नाही. दादा उकिडवा बसला. त्याने एकेक शिपाई उचलला, अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला — तोच अंगठा, तसाच — आणि काहींना डावीकडे ठेवलं, काहींना उजवीकडे. मी मोजत गेले. डावीकडे अकरा. उजवीकडे तेरा. एकही चुकला नव्हता.

"यांच्यावर दोनदा रंग बसलाय," तो उजवीकडच्यांकडे बोट दाखवून म्हणाला. "हाताला जाड लागतात."

हे त्याला कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं.

"तपासणीवरून आलो ना, त्या दिवशीच यांना हात लावून बघितलं. मग तुला विचारायला आलो."

गोठ्याच्या पडक्या भिंतीवरून झेंडूचा वास येत होता. मला त्याचे पाय धरावेसे वाटले. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं. खोक्याच्या तळाशी झेंडेवाला उरला होता, राखाडी. दादाने त्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि तो माझ्या हातावर ठेवला.

"याचा रंग तूच ठरव," तो म्हणाला. "तुला दिसतात."

दुकानात माझ्या गल्ल्याशेजारच्या कप्प्यात तो उभा आहे. समोर भिंतभर शेडकार्डं आहेत, हिरव्याच्याच पन्नासेक छटा असतील. गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत रंग ठरवून देते. दुकान बंद करायच्या आधी रोज एकदा कप्पा उघडते, त्याला हातात घेते आणि परत ठेवते. झेंडा अजून राखाडीच आहे.