सोयीचा अर्ज

"आदी म्होरां ये, मगे बोल," असे म्हणत काका समोरच्याला खांद्याला धरून आपल्यापुढे उभे करायचे. मग तो हेल्पर असो की मालकाचा जावई. त्यांचे डोळे ओठांवर खिळले की बोलणाऱ्याला वाटायचे, आपल्या दातांत काही अडकले आहे की काय.

डिचोलीजवळच्या आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनतात. मी तिथे ऑफिसात कारकून. काका दोडामार्गहून यायचे, बावीस वर्षे एकाच प्रेसवर. दर दोन सेकंदांना पत्र्यावर प्रेसचा घाव पडतो. त्या घावांनीच त्यांचे कान नेले. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि बोलत कोणीच नव्हते. तुमच्याही कामाच्या जागी असे एखादे सगळ्यांना ठाऊक असलेले गुपित असेल.

एकदा एक नवा इंजिनियर पाठीमागून त्यांच्यावर दहा मिनिटे खेकसत होता. काका निवांत पत्रा सरकवत होते. शेवटी कोणीतरी बोट दाखवले. काका वळले, त्याला समोर घेतले आणि म्हणाले, "हां, आता बोल." तोवर बिचाऱ्याचा राग संपला होता. आम्ही पोट धरून हसलो. त्याच पाठीमागून माल उचलणारी फोर्कलिफ्टही येते, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

पहिल्यांदा फोर्कलिफ्टने काकांचा बूट घासला. दुसऱ्यांदा सदरा फाटला. तिचा बेळगावचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. "साहेब, हॉर्न वाजवून वाजवून थकलो बघा. तिसऱ्या बारीला काय हुईल, माझ्या हातात न्हाई."

तेव्हा सूचनाफलकावर एक कागद लागलेला होता, इंग्रजीवरून मीच मराठीत उतरवलेला. अपंगत्वावरून कोणाशी भेदभाव होणार नाही. कामात लागेल ती सोय मिळेल. त्या कारणाने कोणाला काढले जाणार नाही. मला त्या तीन वाक्यांचा भारी अभिमान होता. मी काकांना म्हटले, "अर्ज करूया. फोर्कलिफ्टवर फिरता दिवा आणि तुमच्या प्रेससमोर एक आरसा. एवढेच मागायचे."

"माका नको. कागदावर नाव चढला की मगे उतरणा नाय."

"काका, हा कायदा आहे."

"कायदो फळ्यावर आसा रे. साहेब केबिनीत आसा."

मी आठवडाभर हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. शेवटी जेवणाच्या सुट्टीत आपल्या उंडा पावाचा अर्धा तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "तू सांगतंस म्हणान करतंय सही." आणि त्यांनी वाकून, सावकाश सही केली.

चौथ्या दिवशी मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावले. अर्ज त्यांच्यापुढे होता.

"दिवा बसवायला काय लागतं? काही नाही," ते म्हणाले. "पण आजवर आपल्याला हे ठाऊक नव्हतं. आता तू लेखी कळवलंस. उद्या तो गाडीखाली आला तर? त्यापेक्षा घरी सुखरूप राहील. कायदा सोय द्या म्हणतो, नोकरीवर ठेवाच असं कुठे म्हणतो? बरोबर ना?"

केबिनला काच होती. काचेपलीकडे काका उभे होते. मॅनेजरांची त्यांच्याकडे पाठ होती, त्यामुळे त्यांना तोंड दिसत होते ते फक्त माझे. फलकावरचे तिसरे वाक्य मला पाठ होते. पण मी स्वतः कंत्राटावर होतो.

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो.

काकांनी मान खाली घातली आणि ते प्रेसकडे गेले. महिनाअखेरीस त्यांना घरी बसवले. गेटपाशी मी समोर जाऊन काहीतरी सांगू लागलो, तेव्हा त्यांनी शांतपणे डोळे मिटून घेतले आणि माझे बोलणे संपेपर्यंत उघडले नाहीत. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या महिन्यात कामगारांचे कान तपासायला नर्स आली. प्रेसवरचे अकराजण एकेक करून खुर्चीत बसले. आवाज आला की बोट वर करायचे होते. हेडफोन कानाला लागतो न लागतो तोच प्रत्येकाचे बोट वर जात होते. नर्स गोंधळून माझ्याकडे बघू लागली. तिने यंत्र अजून सुरूच केले नव्हते.

मी यादी पुढे ओढली आणि अकराही नावांपुढे "ऐकू येते" असे लिहिले.