हलत नाहीत, पण जिवंत आहेत

तनुजा ओव्हाळ रावेतच्या एका आयव्हीएफ सेंटरच्या लॅबमध्ये काम करते. मी तिथेच नर्स आहे. तिचे वडील पिंपरीतल्या कंपनीत लेथवर होते. त्यांच्या वस्तीतली एम.एस्सी. झालेली ती पहिली मुलगी. बोलते कमी, आणि बोलली तर तोडून. नव्या मुली तिला बिचकून असतात.

गेल्या वर्षी कुरुळीचं जोडपं आलं होतं. गणराज कारखान्यात भट्टीवर कामाला, बायको इंद्रायणी. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सोबत सासू छबूबाई. इंद्रायणीची सहा बीजं काढली, आणि त्याच सकाळी गणराजच्या नमुन्यात एकही शुक्राणू हलेना. पुन्हा नमुना घेतला. तोही तसाच.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तनुजा, दात्याचे वापरायचे का, हे त्यांना विचारावं लागेल."

"आधी मला दोन तास द्या. हलत नाहीत म्हणजे मेलेत असं नाही."

तिने शुक्राणू पाणचट द्रावणात सोडले. जिवंत असेल तो पाणी आत ओढतो आणि त्याची शेपटी वळते. मेलेल्याची सरळच राहते. ऐकायला सोपं आहे. पण शेकडो सरळ शेपट्यांतून वळलेली एक हुडकायची, केसाहून बारीक काचेच्या नळीने तो शुक्राणू उचलायचा, धुवायचा आणि थेट बीजात सोडायचा. मायक्रोस्कोपवरून तिने मान वर केली नाही. मी विचारलं, "चहा आणू?" तिने नळी पुढच्या थेंबावर नेली.

बाहेर गणराज भिंतीला टेकून उभा होता. मला हळूच म्हणाला, "सिस्टर, दोष माझ्यात हाय, हे घरात कुनाला सांगितलं न्हाई."

मागे छबूबाई उभ्या होत्या. इतकी वर्षं त्यांनी सुनेलाच बोल लावले होते. त्यांनी ते ऐकलं. आत जाऊन निजलेल्या इंद्रायणीचे पाय चेपत बसल्या.

दुपारी तनुजा बाहेर आली. डोळे लाल झालेले. "सहा बीजांना सहा मिळाले," एवढंच म्हणाली.

त्यांतली तीन बीजं फळली, आणि चांगला वाढला तो एकच गर्भ. तोच रुजला.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर सगळे पेढे घेऊन आले. छबूबाईंनी बाळ तनुजाच्या हातात दिलं. "तुमी शोधून काढली हिला."

तनुजाने बाळाचं टोपडं सारखं केलं. मग विचारलं, "रात्री झोपते का नीट?"

"न्हाई," इंद्रायणी हसत म्हणाली.